बूटलोडर अनलॉक म्हणजे काय? करण्याआधी हे नक्की वाचा

फोनचे पैसे आपण मोजतो, पण त्यात कोणती सिस्टिम चालणार हे कोण ठरवतं? बहुतेक फोनमध्ये कंपनी. आणि ते ठरतं बूटलोडरमध्ये.

पॉवर बटण दाबलं की अँड्रॉइडच्या आधी एक छोटा प्रोग्राम चालतो, तो बूटलोडर. सिस्टिमवर कंपनीची डिजिटल सही आहे का, तिच्यात कुणी बदल केलाय का, हे तपासूनच तो पुढे जाऊ देतो. याला व्हेरिफाइड बूट म्हणतात. ही तपासणी चोराला अडवते, पण फोनच्या मालकालाही अडवते.

माझा एक जुना फोन ठणठणीत होता, फक्त सिक्युरिटी अपडेट येणं बंद झालं होतं. त्या मॉडेलसाठी लिनिएजओएस मिळत होती. सायनोजेनमॉड बंद पडल्यावर २०१६ च्या डिसेंबरमध्ये सुरू झालेली ही अँड्रॉइडवरच आधारलेली मोफत सिस्टिम. ती टाकायची तर आधी बूटलोडर अनलॉक करावा लागतो.

त्यासाठी सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर ७ वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. तिथे 'ओईएम अनलॉकिंग' चालू करायचं. पुढचं काम फोन कॉम्प्युटरला जोडून होतं आणि प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी असते. काही कंपन्या अर्ज करून थांबायला लावतात, काही तर ही सोयच देत नाहीत.

आता महत्त्वाचं. अनलॉक करताच फोनमधला सगळा डेटा पुसला जातो. हे मुद्दामच केलेलं आहे, नाहीतर चोरानेही अनलॉक करून तुमचे फोटो उघडले असते. मी फोटोंचा बॅकअप घेतला होता, पण ऑथेंटिकेटर अ‍ॅपमधले कोड विसरलो. चूक माझीच! स्वतःच्याच ईमेलमध्ये शिरायला दोन दिवस लागले. तुम्ही रिकव्हरी कोड आधी कागदावर लिहून ठेवा.

दुसरा फटका यूपीआयचा. बँकेची अनेक अ‍ॅप्स गूगलच्या प्ले इंटिग्रिटी सेवेकडून फोनची खात्री करून घेतात आणि अनलॉक फोनवर चालायला नकार देऊ शकतात. सॅमसंगच्या फोनमध्ये तर अनधिकृत सिस्टिम टाकली की नॉक्सचा इलेक्ट्रॉनिक फ्यूज कायमचा उडतो. मग मूळ सिस्टिम परत टाकली तरी सिक्युअर फोल्डर चालत नाही.

शिवाय अनलॉक फोन ज्याच्या हातात पडेल, तोही त्यात बदल केलेली सिस्टिम टाकू शकतो. मग परत लॉक करायचं का? घाई नको. बाहेरची सिस्टिम असताना लॉक केलं तर बरेच फोन सुरूच होत नाहीत. गूगल पिक्सेल इथे वेगळा आहे. त्यात दुसऱ्या सिस्टिमची सही नोंदवून पुन्हा लॉक करता येतं, म्हणून ग्राफीनओएस पिक्सेलवर चालते.

माझं मत विचाराल तर रोजच्या, यूपीआय असलेल्या फोनवर हा प्रयोग नकोच. जुन्या फोनवर बिनधास्त करा. आणि नवीन फोन घेताना कॅमेऱ्याआधी दोन गोष्टी बघा: अपडेट किती वर्षं मिळणार (२०२३ च्या पिक्सेल ८ ला ७ वर्षांचं आश्वासन आहे) आणि ते संपल्यावर बूटलोडर उघडता येईल का.