दोन काचांचे एक चित्र

संगणक आला आणि छायाचित्र खोटे बोलू लागले, असे हल्ली आपण पदोपदी ऐकतो. लग्नाच्या आल्बमात वधूवरांच्या मागे काश्मीरचे बर्फ दिसले, की कोणीतरी चटकन म्हणतो, "फोटोशॉप आहे हो!" या उद्गाराच्या पोटात एक समजूत दडलेली असते. पूर्वीचे छायाचित्रकार बिचारे सत्यवादी होते. सूर्याने काचेवर जे काढले, तेच ते कागदावर उतरवीत, ही ती समजूत. ती पारखून पाहावयाची तर आपल्याला १८५७ सालच्या फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर गेले पाहिजे.

तेथे सेत नावाचे बंदर आहे. गुस्ताव्ह ल ग्रे हा मूळचा चित्रकलेचा विद्यार्थी, पण छायाचित्रणात रमलेला गृहस्थ, आपला अवजड कॅमेरा घेऊन तेथे समुद्रासमोर उभा राहिला. त्याच्यापुढची अडचण त्या काळच्या प्रत्येक छायाचित्रकाराची होती. कोलोडियन लावलेल्या काचेवर निळ्या प्रकाशाचा परिणाम फार लवकर होई; पिवळ्या-तांबड्याचा जवळजवळ होतच नसे. त्यामुळे जमीन नीट उमटावी म्हणून भिंगावरचे झाकण थोडा वेळ अधिक उघडे ठेवावे, तर आकाश पांढरेफटक होऊन बसे. आकाशासाठी घाई करावी, तर खालची जमीन काळीकुट्ट. त्या वेळची पुष्कळशी निसर्गचित्रे पाहावीत: डोंगर, झाडे, घरे सारे जागच्या जागी, आणि वर मात्र नुकत्याच धुऊन वाळत घातलेल्या धोतरासारखे कोरे आकाश!

ल ग्रेने यावर तोड काढली. समुद्राची एक काच आणि ढगांची दुसरी. कागदावर छाप घेताना समुद्राच्या काचेने खालचा भाग छापावयाचा, तेवढा वेळ वरचा भाग झाकून ठेवावयाचा. मग दुसऱ्या काचेने वरचा भाग छापावयाचा. दोन्हींचा सांधा नेमका क्षितिजावर. क्षितिज ही निसर्गानेच ओढून ठेवलेली रेघ असल्यामुळे सांधा तेथे सहज लपतो. अशा रीतीने सिद्ध झालेले त्याचे 'महालाट' हे चित्र आजही पाहणाऱ्याला थबकवते. फेसाळणारी लाट आहे, धक्का आहे, आणि वर भरून आलेले आभाळ. मौज अशी की, ल ग्रेचे तेच ढग त्याच्या निरनिराळ्या चित्रांत निरनिराळ्या समुद्रांवर तरंगताना सापडतात. आवडलेला शालू बहिणीबहिणींनी आलटूनपालटून नेसावा, तसा प्रकार!

आता ही लबाडी म्हणावी काय? किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांना लाट दिसते तसे ढगही दिसतात. काच अधू होती. ल ग्रेने तिचे अधूपण भरून काढले. परंतु ते ढग त्या लाटेवरचे नव्हते, हेही तितकेच खरे. डोळ्याला जे दिसले असते त्याच्याशी प्रामाणिक राहावयाचे, की त्या क्षणी समोर जे होते त्याच्याशी? आज फोटोशॉपवरून आपण जो वाद घालतो, तो हाच आहे.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये ऑस्कर रेजलँडर या स्वीडिश छायाचित्रकाराने मर्यादा पारच ओलांडली. तीसहून अधिक निगेटिव्ह एकत्र छापून त्याने 'जीवनाचे दोन मार्ग' हे भले थोरले चित्र तयार केले: एका बाजूस सदाचारी, दुसऱ्या बाजूस विलासी, मध्ये एक वृद्ध आणि दोन तरुण. मँचेस्टरच्या प्रदर्शनात ते लागले, आणि खुद्द व्हिक्टोरिया राणीने त्याची एक प्रत विकत घेतली. विलासी बाजूच्या अर्धनग्न स्त्रियांवरून पुष्कळ गदारोळ झाला. एवढी माणसे एकाच वेळी एकाच दालनात कधी उभी नव्हती, हे रेजलँडरने लपवून ठेवले नाही.

हे सारे सातासमुद्रापलीकडचे म्हणून सोडून देण्याचे कारण नाही. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली. तिच्या आरंभीच्या मंडळींत भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी होते, तसाच विल्यम जॉन्सन नावाचा एक इंग्रज होता. या जॉन्सनने १८६३ आणि १८६६ साली मुंबईतील निरनिराळ्या जातिजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड प्रसिद्ध केले. पारशी, भाटिया, वल्लभ संप्रदायाचे महाराज असे कितीतरी लोक त्यांत आपापल्या वेषात उभे आहेत आणि त्यांच्या मागे मुंबईची ठिकाणे दिसतात. पण माणसांची छायाचित्रे वेगळी घेतलेली आहेत आणि पार्श्वभूमी वेगळी. दोहोंचा मेळ मागाहून घातलेला आहे. मला रेजलँडरच्या पंक्तीत जॉन्सनला बसवताना अडखळायला होते. रेजलँडर चित्र म्हणून चित्र दाखवीत होता. जॉन्सनचे पुस्तक मात्र 'हे लोक असे आहेत' असे सांगणारे, माहिती देणारे पुस्तक होते. लंडनमध्ये बसून ते चाळणाऱ्याने यातील सांधा कसा ओळखावा?

कारागिरीची दुसरी परंपरा आपल्या घराघरांत येऊन पोहोचली, ती रिटचिंगची. निगेटिव्हवर सारे उलटे असते: चेहऱ्यावरच्या सुरकुतीची काळी छाया तेथे पारदर्शक रेघ बनते. उतरत्या काचेच्या टेबलावर निगेटिव्ह ठेवून, खालून आरशाने उजेड पाडून, कारागीर अणकुचीदार शिसपेन्सिलीने ती रेघ बारीक बारीक ठिपक्यांनी भरून काढी. छापताना तेवढा प्रकाश अडे आणि सुरकुती नाहीशी होई. देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळे, सारे याच मार्गाने गेले. आपल्या गावोगावच्या स्टुडिओंतून आणखी एक काम चाले. नवरा-बायकोचा एकत्र फोटो कधी निघालेलाच नसे; दोघांपैकी एक गेल्यावर निरनिराळ्या दोन फोटोंवरून एक जोडफोटो करून घेत आणि तो भिंतीवर लागे. त्या फोटोने फसवले कोणाला? घरातील प्रत्येकाला तो कसा झाला, हे ठाऊक असे. हार घालणारीला तर सर्वांत जास्त.

त्याच पेन्सिलीने आणि त्याच कात्रीने काय होऊ शकते, ते रशियाने दाखवले. मॉस्को-व्होल्गा कालव्याच्या काठी स्टालिनच्या शेजारी गुप्त पोलिसांचा प्रमुख येझोव चालत असल्याचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. १९४० साली येझोवला ठार मारण्यात आले. पुढे तेच चित्र छापले, तेव्हा तो ज्या जागी होता तेथे कालव्याचे पाणी होते. संगणक त्या वेळी कोठे होता?

१९८७ साली अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात थॉमस नॉल हा तरुण पीएच.डी.चा अभ्यास करीत होता. त्याच्या मॅकिन्टॉशच्या पडद्यावर केवळ काळे आणि पांढरे ठिपके उमटत. करड्या छटा दिसाव्यात म्हणून त्याने एक छोटा प्रोग्राम लिहिला. त्याचा भाऊ जॉन चित्रपटांतील चमत्कृतिदृश्ये तयार करणाऱ्या कंपनीत होता. दोघांनी मिळून तो वाढवला, आणि फेब्रुवारी १९९० मध्ये अडोबी कंपनीने तो 'फोटोशॉप' या नावाने बाजारात आणला. यातील एक गोष्ट मला विशेष वाटते: या भावांच्या वडिलांनी घराच्या तळघरात डार्करूम थाटली होती, आणि थॉमस छायाचित्रणाचे धडे तेथेच गिरवला होता. म्हणून फोटोशॉपची हत्यारे उघडली, की डार्करूमच भेटते. एखादा भाग उजळ करण्याच्या हत्याराचे चिन्ह म्हणजे दांडीवरची चकती. डार्करूममध्ये प्रकाश अडवण्यासाठी तारेच्या टोकाला पुठ्ठ्याची चकती बांधत, ती हीच. गडद करण्याच्या हत्याराचे चिन्ह म्हणजे वळवलेला हात. पंजाच्या फटीतून हवा तेवढाच उजेड कागदावर सोडीत, तो हाच. रेषा ठसठशीत करण्याच्या हत्याराचे नाव 'अनशार्प मास्क', म्हणजे अस्पष्ट मुखवटा, असे चमत्कारिक आहे. पण निगेटिव्हवर तिचीच धूसर केलेली प्रत चिकटवून छापले असता कडा अधिक तीक्ष्ण उमटतात, ही जुन्या कारागिरांची युक्ती होती. नाव तिच्यावरून आले. १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत 'लेयर' म्हणजे थर आले. एका थरात समुद्र, दुसऱ्यात ढग. ल ग्रेला हे दाखवले असते, तर त्याने दोन मिनिटांत काम सुरू केले असते.

आणि नेमके तेच काम २००३ मध्ये लॉस एंजेलिस टाइम्सच्या एका छायाचित्रकाराने केले. इराकमध्ये बसऱ्याजवळ पाठोपाठ घेतलेली दोन छायाचित्रे, एकातला सैनिक आणि दुसऱ्यातला मूल कडेवर घेतलेला माणूस, त्याने एकत्र आणली. चित्र उठावदार झाले. पण मागच्या गर्दीतील काही माणसे दोन-दोनदा दिसत होती. कोणाच्या तरी ते ध्यानात आले, आणि त्याची नोकरी गेली. ल ग्रेच्या चित्रातील ढग कदाचित दुसऱ्या दिवशीचे असतील. याच्या दोन्ही चित्रांत तर क्षणांचेच अंतर होते. तरी शिक्षा यालाच झाली, आणि ती योग्यच झाली असे माझे मत आहे. वर्तमानपत्राचा वाचक पैसे मोजतो ते 'हे असे घडले' या शब्दाचे.

आपल्या खिशातील फोन आता सूर्यास्ताचा फोटो काढताना एकामागून एक कमी-अधिक उजेडाची चित्रे टिपतो आणि जुळवून एकच आपल्या हाती देतो. ढगही उमटतात, लाटही उमटते. तो आपल्याला विचारीत नाही, आणि आपणही त्याला विचारीत नाही. २०२३ पासून फोटोशॉपमध्ये त्याहून निराळी सोय झाली: मोकळी जागा दाखवावी, चार शब्द लिहावेत, आणि तेथे कोणत्याही कॅमेऱ्याने कधीही न पाहिलेले ढग यावेत. ल ग्रेचे ढग उसने असले, तरी कोणत्या तरी दिवशी कोणत्या तरी समुद्रावर ते खरोखर होते. हे तसे नाहीत. चित्रावर काय काय संस्कार झाले, याची नोंद चित्राबरोबरच जोडून द्यावी, अशी एक खटपट खुद्द अडोबी कंपनीनेच इतरांना बरोबर घेऊन २०१९ मध्ये सुरू केली आहे. ती नोंद उघडून वाचावयास मात्र एक बोट हलवावे लागते.