पदवी लांबली, पगाराचं काय?

अमेरिकेतल्या आपल्या नातलगांची मुलं फिजिओथेरपीला जायचं म्हणतात, तेव्हा घरात पहिला प्रश्न येतो, पगार किती? मला वाटतं, त्याआधी या पदवीचा इतिहास विचारावा.

१९१८ मध्ये, पहिलं महायुद्ध चालू असताना, ओरेगनच्या रीड कॉलेजात जखमी सैनिकांवरच्या उपचारांसाठी बायकांना तयार केलं गेलं. शिक्षण काही महिन्यांचं. १९६० मध्ये या व्यवसायाच्या संघटनेने किमान पदवी हवी असं ठरवलं. पुढे मास्टर्स आली, आणि २०१६ पासून मान्यताप्राप्त अभ्यासक्रम डॉक्टरेटचाच असावा असा नियम झाला. म्हणजे कॉलेजनंतर साधारण तीन वर्षं आणखी.

आता गंमत बघा. मेडिकेअर ही वयस्कर लोकांची सरकारी विमा योजना उपचाराचे पैसे देते, थेरपिस्टची पदवी जुनी की नवी हे बघत नाही. मग लांबलेल्या शिक्षणाचा खर्च निघाला कुठून? बराचसा कर्जातून. २००६ मध्ये ग्रॅड प्लस कर्ज आलं आणि शिक्षणाच्या पूर्ण खर्चाइतकी उचल मिळू लागली. २०२५ च्या कायद्याने हे दार नव्या कर्जदारांसाठी १ जुलै २०२६ पासून बंद करायचं ठरवलं.

काम मोलाचंच आहे, अडलेल्याला चालतं करणारं. पण हप्ता पुण्याईवर फिटत नाही हो! पहिल्या वर्षाचा पगार आणि एकूण कर्ज कागदावर शेजारी शेजारी मांडा. कर्जाचा आकडा मोठा निघाला, तर आपल्याच राज्यातलं सरकारी विद्यापीठ आधी बघा. डॉक्टरेट तिथलीही तीच.