फ्रॅमिंगहॅम हृदय-अभ्यास आणि प्रौढांच्या शारीरिक हालचालींचे मापन : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

रक्तदाब, वजन किंवा रक्तातील कोलेस्टेरॉल मोजण्यासाठी वैद्यकशास्त्राजवळ निश्चित साधने आहेत. मनुष्याची दैनंदिन हालचाल मात्र इतक्या सहजपणे मोजता येत नाही. ती ऋतूनुसार, व्यवसायानुसार व वयानुसार बदलत असते. एकाच व्यक्तीची हालचाल अनेक दशके मोजावयाची झाल्यास अडचण दुहेरी होते. कारण माणूस बदलतो आणि मापनाचे साधनही बदलते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील फ्रॅमिंगहॅम या गावी १९४८ साली सुरू झालेल्या हृदय-अभ्यासाच्या आधारे या प्रश्नाचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पार्श्वभूमी : व्यवसायावरून अनुमान

प्रारंभीच्या संशोधकांनी हालचाल प्रत्यक्ष न मोजता व्यवसायावरून तिचे अनुमान केले. जेरेमी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर जिने चढणाऱ्या वाहकांपेक्षा बसून काम करणाऱ्या चालकांमध्ये हृदयरोगाचे प्रमाण अधिक आढळले. परंतु १९५६ मध्ये मॉरिस यांनीच गणवेशांच्या मापांवरून दाखवून दिले की, तरुण चालकांच्याही कमरेचा घेर वाहकांपेक्षा अधिक होता. म्हणजेच दोन्ही गटांतील फरकाचे श्रेय केवळ कामाला देता येत नव्हते. व्यक्तीच्या संपूर्ण दिवसाचा हिशोब मांडणे त्यामुळे आवश्यक ठरले.

निर्देशांकाची रचना

फ्रॅमिंगहॅम येथे ५,२०९ स्त्री-पुरुषांची दर दोन वर्षांनी तपासणी होत असे. १९५६ ते १९५८ या काळातील चौथ्या फेरीत त्यांना सामान्य दिवसाचे चोवीस तास कसे व्यतीत होतात, हे विचारण्यात आले. प्राणवायूच्या वापराच्या आधारे प्रत्येक तासाला भार देण्यात आला : झोप १, बैठे काम १.१, हलके काम १.५, मध्यम २.४ आणि जड ५. उदाहरणार्थ, आठ तास झोप, आठ तास बैठे काम, सहा तास हलके व दोन तास मध्यम काम करणाऱ्याचा निर्देशांक ३०.६ येतो. दिवसभर केवळ झोपून राहिल्यास तो २४ येईल. या पद्धतीत खेळ, नोकरी व घरकाम एकाच मापाने मोजले जात, हे तिचे वैशिष्ट्य होय.

याच्या उलट, राल्फ पॅफेनबर्गर यांनी हार्वर्डच्या माजी विद्यार्थ्यांना १९६२ व १९६६ मध्ये पाठविलेल्या प्रश्नावल्यांत चढलेले जिने, चाललेले अंतर व खेळ यांवर भर होता. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातील १६,९३६ जण पुरुषच होते. सुशिक्षित नागरी पुरुषाच्या जीवनक्रमाला साजेसे असे हे माप होते.

काळाचा घटक

हालचाल एकदाच मोजून पुढील अनेक वर्षांचे निष्कर्ष काढले, तर ती व्यक्ती तशीच राहिली असे गृहीत धरले जाते. फ्रॅमिंगहॅममध्ये १९६९ ते १९७३ च्या सुमारास निर्देशांक पुन्हा घेतला गेल्याने हे गृहीतक तपासता आले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात मृत्यूच्या धोक्याशी पूर्वीच्या हालचालीपेक्षा अलीकडच्या हालचालीचा संबंध अधिक दिसून आला. हार्वर्डच्या अभ्यासातही विद्यार्थिदशेतील खेळाडूपणा पुढे टिकविला नाही, तर त्याचा लाभ उरत नाही, असे आढळले होते. शारीरिक श्रमाचे पुण्य आयुष्यभर पुरत नाही, हे सत्य पुनर्मापनाशिवाय हाती लागले नसते.

स्त्रियांच्या श्रमांचा प्रश्न

१९७९ च्या विश्लेषणात अधिक हालचाल करणाऱ्या पुरुषांमध्ये मृत्यूचे प्रमाण कमी दिसले. स्त्रियांमध्ये असा स्पष्ट संबंध आढळला नाही. पुढे १९९४ मध्ये, ५० ते ७४ वयोगटातील स्त्रियांच्या सोळा वर्षांच्या पाठपुराव्यात अधिक हालचाल करणाऱ्या स्त्रिया अधिक जगल्याचे दिसून आले. दिवसभर विखुरलेले, वारंवार खंडित होणारे घरकाम तासांच्या कोष्टकात बसविणे कठीण असते. त्यामुळे संबंध न आढळणे हे दर वेळी शरीराचे वास्तव नसून मापाची मर्यादाही असू शकते, हे ध्यानात घ्यावे लागते.

यंत्राचे आगमन

२००८ नंतरच्या फेऱ्यांत पुढील पिढ्यांतील सहभागींच्या कमरेला हालचाल नोंदविणारे ॲक्सेलरोमीटर बांधण्यात आले. स्मरणशक्तीवरील अवलंबित्व त्यामुळे संपले. तथापि डोक्यावरील ओझे, सायकल वा पोहणे यांचे श्रम हे यंत्र नीट टिपत नाही. शिवाय यंत्राची नोंद व १९५६ चा निर्देशांक यांची थेट तुलना होऊ शकत नाही. साधन अचूक करावे, तर जुन्या नोंदींशी नाते तुटते. ते तसेच ठेवावे, तर त्यातील दोष कायम राहतात.

समारोप

महाराष्ट्राचा समावेश असलेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मधुमेह-सर्वेक्षणातील १४,२२७ व्यक्तींपैकी ५४.४ टक्के निष्क्रिय असल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. ही माहिती मोलाची असली, तरी ती एकाच वेळी घेतलेली नोंद आहे. शेतातून कार्यालयात आलेल्या व्यक्तीचे पुढे काय होते, हे त्याच व्यक्तीला पुनःपुन्हा विचारल्यानेच कळेल. असे विचारताना जुने व नवे माप काही काळ एकत्र वापरावे आणि पाणी भरण्यापासून निंदणीपर्यंतचे श्रम प्रश्नावलीत प्रारंभापासूनच असावेत. प्रारंभी जे मोजले जात नाही, ते पन्नास वर्षांनी नव्याने मिळविता येत नाही, हाच या इतिहासाचा बोध आहे.