‘डॉक्टर, चालू लागेल का?’ : पुनर्वसन वॉर्डाचा इतिहास

झाडावरून पडून किंवा अपघातात मणक्याला मार लागलेल्या रुग्णाचे नातेवाईक मला पहिला प्रश्न एकच विचारतात, “डॉक्टर, हा चालू लागेल का?” प्रश्न स्वाभाविक आहे. पण उत्तर “सांगता येत नाही” किंवा “कठीण आहे” असे आले, की अनेक घरांत पुनर्वसनाचा विषयच संपतो. “चालणार नसेल तर तिथे ठेवून काय उपयोग?” असे म्हणून रुग्णाला घरी नेतात. दोन-तीन महिन्यांनी तोच रुग्ण माकडहाडावरची खोल जखम आणि लघवीचा जंतुसंसर्ग घेऊन परत येतो.

म्हणून आज तुम्हाला एका वॉर्डाची गोष्ट सांगतो.

आधी थोडे शरीरशास्त्र. मेंदूतून निघून मणक्यांच्या पोकळीतून खाली जाणारी नसांची जाड दोरी म्हणजे मज्जारज्जू. त्याला पाठीच्या भागात गंभीर इजा झाली, की पायांची हालचाल जाते, संवेदना जाते आणि लघवी-शौचावरचा ताबाही जातो. पायांतली ताकद जाणे सर्वांना दिसते. जीव मात्र जातो तो उरलेल्या दोन गोष्टींमुळे.

तुम्ही-आम्ही झोपेतसुद्धा नकळत कूस बदलतो, कारण एका जागी दाब आला की त्वचा तक्रार करते. या रुग्णाला ती तक्रार ऐकूच येत नाही. हाड आणि गादी यांच्यामध्ये दबलेल्या त्वचेचा रक्तपुरवठा थांबतो, ती मरते आणि तिथे जखम होते. हाच बेडसोर. दुसरीकडे मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही, साचलेल्या लघवीत जंतू वाढतात आणि संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोहोचतो.

पहिल्या महायुद्धात अशा सैनिकांची अवस्था भयंकर होती. दर १० पैकी सुमारे ८ जण दगावत, तेही बहुधा काही आठवड्यांतच. डॉक्टरांनी मनाशी गाठ बांधली होती, की हे रुग्ण वाचत नाहीत.

१९१७ साली जर्मनीतल्या एका अपघात रुग्णालयात लुडविग गुटमान नावाचा तरुण मदतनीस म्हणून काम करत होता. पाठ मोडलेला एक धडधाकट खाणकामगार तिथे आला. त्याला पलंगाभोवती पडदे लावून ठेवले. याच्याबद्दल फार लिहू नकोस, काही आठवड्यांत तो जाईल, असे गुटमानला सांगण्यात आले. पाच आठवड्यांनी तो कामगार खरोखरच गेला. गुटमान ते कधी विसरले नाहीत.

पुढे ते नावाजलेले मेंदू व मज्जातंतू तज्ज्ञ झाले. ज्यू असल्यामुळे नाझी राजवटीत त्यांना जर्मनी सोडावी लागली आणि १९३९ मध्ये ते इंग्लंडला आले. दुसऱ्या महायुद्धात मोठी चढाई तोंडावर आली होती आणि मणक्याला इजा झालेले सैनिक मोठ्या संख्येने येणार हे ब्रिटिश सरकारला दिसत होते. त्यांच्यासाठी १ फेब्रुवारी १९४४ रोजी स्टोक मँडव्हिल रुग्णालयात वेगळा विभाग सुरू झाला आणि तो गुटमान यांच्या हाती दिला गेला.

त्यांनी काय केले? नवे ऑपरेशन शोधले नाही. प्रत्येक रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलायची, दिवसाही आणि रात्रीही, असा नियम केला. तो पाळला जातो की नाही हे पाहायला ते स्वतः रात्री-अपरात्री वॉर्डात येत. रुग्णांना जखडून ठेवणारे प्लास्टरचे साचे त्यांनी काढून टाकले. निर्जंतुक पद्धतीने, ठरावीक वेळाने कॅथेटर घालून मूत्राशय रिकामे करायची शिस्त लावली. मग व्यायाम, व्हीलचेअर आणि हाताला काम देणारी कार्यशाळा. रुग्णाने बरे होऊन कमवावे, कर भरावा, हे त्यांचे उद्दिष्ट होते.

सगळे श्रेय एकट्या गुटमान यांचे नाही. अमेरिकेत बॉस्टनला डॉ. डोनाल्ड मन्रो यांनी १९३६ पासून याच दिशेने काम सुरू केले होते. शिवाय पेनिसिलिनही याच सुमारास हाती आले. पण वर्षानुवर्षे जगणारे रुग्ण आता दिसू लागले आणि “हे वाचत नाहीत” हा समज मोडला.

२९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, या रुग्णालयाच्या आवारात व्हीलचेअरवरच्या १६ माजी सैनिक स्त्री-पुरुषांची तिरंदाजीची स्पर्धा झाली. त्यातूनच पुढे पॅरालिंपिक उभे राहिले. १९७२ चे पॅरालिंपिक जर्मनीत, हायडेलबर्गला झाले. तिथे ५० मीटर पोहण्यात ३७.३३ सेकंदांची विश्वविक्रमी वेळ देऊन भारताला पहिले पॅरालिंपिक सुवर्ण मिळवून दिले ते आपल्या सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकर यांनी. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे कमरेखालचे शरीर लुळे पडले होते. त्यांचे पोहणे सुरू झाले ते उपचाराचा भाग म्हणून.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. पुनर्वसनाचा परिणाम मोजायचा कसा? अमेरिकेत डॉ. फ्लॉरेन्स महोनी आणि फिजिओथेरपिस्ट डोरोथिया बार्थेल यांनी १९६५ मध्ये एक साधी मोजपट्टी प्रसिद्ध केली. तिला बार्थेल इंडेक्स म्हणतात आणि ती आजही वापरात आहे. जेवणे, अंघोळ, तोंड धुणे, कपडे घालणे, लघवी, शौच, संडासचा वापर, पलंगावरून खुर्चीत बसणे, चालणे आणि जिना चढणे अशा १० गोष्टी, एकूण गुण १००. यात चालणे आणि जिना यांचे मिळून गुण फक्त २५. उरलेले ७५ रोजच्या इतर कामांचे! म्हणजे जो रुग्ण पाऊलही टाकू शकत नाही, तोही अर्ध्याहून बरेच अधिक गुण मिळवू शकतो. २० गुणांवर दाखल होऊन ६५ वर घरी जाणे हे मोठे यश आहे. त्या ४५ गुणांत त्याची लाज झाकली जाते, आणि घरातल्या एका माणसाला पुन्हा कामावर जाता येते.

तेव्हा रुग्ण पुनर्वसन केंद्रात असेल, तर “चालेल का?” हे जरूर विचारा, पण त्याबरोबर हेही विचारा:

– दाखल होताना किती गुण होते, आज किती आहेत?
– कूस कशी आणि किती वेळाने बदलायची, आम्हाला शिकवाल का?
– मूत्राशय कसे रिकामे करायचे? रुग्णाला स्वतःला ते जमेल का?
– व्हीलचेअरसाठी घरात आणि संडासात काय बदल करावे लागतील?
– घरी गेल्यावर तपासणीला कधी यायचे?

आणि घरी रोज रुग्णाची पाठ, माकडहाड, नितंब आणि टाचा नीट पाहा. काही वेळ दाब काढूनही जाग्यावरचा लालसरपणा गेला नाही, तर त्या बाजूवर झोपवू नका आणि लगेच डॉक्टरांना दाखवा. सावळ्या त्वचेवर लाली सहज दिसत नाही, म्हणून हात लावून ती जागा गरम किंवा कडक लागते का तेही बघा.

दर दोन तासांनी कूस बदलणे कंटाळवाणे आहे, मला ठाऊक आहे. रात्री गजर लावून उठावे लागते. पण १९४४ मध्ये त्या वॉर्डात माणसे वाचली ती याच कामामुळे. तुमच्या घरातही तेच काम उपयोगी पडेल.