केसांत जट का होते? सोडवायची कशी, टाळायची कशी?

केस रोज विंचरले नाहीत, वेळेवर धुतले नाहीत की घाम, तेल आणि धुळीने ते चिकटतात. गुंता वाढत जाऊन जट होते. बाळंतपण, लांबलेलं आजारपण किंवा उवा झाल्यावर हे जास्त होतं.

‘देवीची जट, कापली तर कोप होईल’ हा समज चुकीचा आहे. याच समजातून यल्लम्माच्या नावाने मुली देवदासी म्हणून सोडल्या गेल्या. राज्यात २००५ च्या कायद्याने या प्रथेला बंदी आहे. जटेच्या ओझ्याने मान दुखते, डोक्याला खाज सुटते, जखमा होतात.

गुंता नवा असेल तर भरपूर खोबरेल तेल लावून बोटांनी मोकळा करावा. केस मुळाशी धरून रुंद दातांच्या कंगव्याने टोकाकडून वर विंचरावेत. घट्ट जट मात्र कापावीच लागते. केसाला संवेदना नसते, त्यामुळे दुखत नाही. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते घरच्यांची समजूत काढून जट काढून देतात.

पुन्हा जट होऊ नये म्हणून:

• केस रोज विंचरा, आठवड्यातून दोनदा धुवा.
• ओले केस बांधू नका.
• झोपताना सैल वेणी घाला.
• उवांसाठी बारीक फणी वापरा.