धुराची जमाबंदी

सारा बसवावयाचा तर आधीं जमीन मोजली पाहिजे, आणि जमीन मोजावयाची तर आधीं काठीची लांबी ठरली पाहिजे. ५ हात ५ मुठींची काठी, २० काठ्या औरस-चौरस म्हणजे एक बिघा आणि १२० बिघ्यांचा एक चावर, असें शिवकालीन मोजणीचें मान सभासदानें आपल्या बखरींत नमूद करून ठेविलें आहे. अण्णाजी दत्तो यांच्या पाहणींत नुसतें क्षेत्र पाहून भागलें नाहीं. जमिनीचा मगदूर पाहून प्रतवारी लावावी लागली, कारण भातखाचराच्या बिघ्यास आणि डोंगर-उतारावरील वरकस बिघ्यास एकच आकार लावणें म्हणजे वरकस कसणाऱ्यास गांव सोडून जावयास सांगणेंच होय. पुढें इंग्रजी अमलाच्या आरंभीं प्रिंगल साहेबानें जी आकारणी सुरू केली ती कागदावर मोठी शास्त्रीय दिसे. परंतु तिचीं मापें चुकीचीं आणि दर भारी ठरल्यामुळें कुळें शेतें टाकून गेलीं, आणि १८३५-३६ मध्यें इंदापुरास गोल्डस्मिड व विंगेट यांस तें काम नव्यानें हातीं घ्यावें लागलें.

या जुन्या गोष्टी आज आठवण्याचें कारण असें कीं, गेलीं सुमारें पस्तीस वर्षें जगांतील राष्ट्रें अशीच एक जमाबंदी करीत आहेत. मात्र ती जमिनीची नसून धुराची आहे. कोळसा, तेल, सिमेंट, गुरें, भातखाचरें आणि तोडलेलीं जंगलें यांपासून जे वायु हवेंत जातात व पृथ्वीची उष्णता अडवून धरतात त्यांस हरितगृह वायु म्हणतात. कोणत्या देशानें ते किती सोडले, हा प्रश्न प्रथमदर्शनीं बेरीज-वजाबाकीचा वाटतो. वस्तुतः तो काठीचा प्रश्न आहे, आणि काठी बदलली कीं अपराधी बदलतो. या मोजणीचा इतिहास लंडन किंवा वॉशिंग्टन येथून पुष्कळदां लिहिला गेला आहे. प्रस्तुत लेखांत तो शिवथरच्या खोऱ्यांतून पाहण्याचा विचार आहे.

वरंध घाटाच्या पायथ्याशीं, महाड तालुक्याच्या पूर्व अंगास, सह्याद्रीच्या भिंतीखालीं शिवथरचें खोरें वसलेलें आहे. १६५६ मध्यें शिवाजी महाराजांनीं जावळी घेतली तोंपर्यंत हा मुलूख मोऱ्यांच्या अमलांत होता. येथील घळींत दासबोधाचें लेखन झालें अशी समर्थसंप्रदायाची परंपरा आहे, आणि धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनीं १९३० सालीं ती घळ शोधून काढल्यापासून भाविकांची रीघ तेथें लागली. भात, नाचणी, वरी आणि थोडीं गुरें हें या खोऱ्याचें परंपरागत धन. धुराच्या जगांतील खातेवहींत अशा खोऱ्याच्या नांवावर काय निघणार? चुलींतील लाकूड, खाचरांतील मिथेन, आणि अलीकडे एस.टी.चें व मोटरसायकलींचें तेल.

आतां दुसरी बाजू पाहूं. २२ जुलै २०२१ रोजीं या भागांत जो पाऊस कोसळला त्याची कल्पना एवढ्यावरून यावी कीं, दुसऱ्या दिवशीं सकाळपर्यंतच्या २४ तासांत सावित्रीच्या उगमाशीं, महाबळेश्वरास, सुमारें ५९४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. महाड शहर पाण्याखालीं गेलें. आणि त्याच दिवशीं महाड तालुक्यांतील तळिये गांवच्या वाडीवर डोंगर उतरून ऐंशींहून अधिक माणसें गाडलीं गेलीं. पोलादपूर तालुक्यांत केवनाळे व साखर-सुतारवाडी येथेंही दरडींनीं बळी घेतले. त्यापूर्वीं सोळा वर्षें, २००५ च्या जुलैअखेरीस, याच तालुक्यांत दासगांव, जुई आदि गांवांवर असाच प्रसंग गुदरला होता.

या आपत्तींचा संबंध परदेशांतील धुराशीं जोडतांना जपून बोलणें अवश्य आहे. दरड कोसळण्यास एकच कारण नसतें. उताराची माती, खडकाच्या भेगा, रस्त्यांसाठीं केलेली कापणी, झाडतोड, वस्तीची जागा, हीं सर्व त्यांत येतात. आणि सह्याद्रीवर मुसळधार पाऊस कांहीं आजच पडूं लागला असें नाहीं. अमुक दरड अमुक राष्ट्रानें पाडली असें विधान इतिहासाच्या शिस्तींत बसणार नाहीं. परंतु हवा एका अंशानें तापली कीं तिच्यांत शेंकडा सुमारें ७ अधिक बाष्प मावतें, हा पदार्थविज्ञानाचा नियम आहे. आणि पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेंतील रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांचे सहकारी यांनीं २०१७ मध्यें असें दाखवून दिलें कीं, १९५० ते २०१५ या काळांत मध्य भारतांत विस्तृत प्रदेश व्यापणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग तिप्पट झाले. म्हणजे फांसा पूर्वींचाच, पण त्याची एक बाजू जड झालेली. ती जड कोणी केली, हें विचारण्याचा अधिकार तळियेकरांस निश्चित आहे.

हा शोध तसा जुना आहे. कार्बन डायॉक्साइड, ज्यास आपण येथें सोयीसाठीं कर्बवायु म्हणूं, सूर्याच्या उन्हांत अधिक तापतो हें अमेरिकेंतील युनिस फूट या बाईंनीं १८५६ मध्यें प्रयोगानें दाखविलें. १८५९ पासून टिंडॉल यानें उष्णता अडविण्याचा त्याचा गुण मोजला, आणि १८९६ मध्यें स्वीडनच्या आर्हेनियसनें हवेंतील त्याचें प्रमाण वाढल्यास पृथ्वी किती तापेल याचें गणित मांडलें. १९५८ मध्यें कीलिंगनें हवाई बेटांवर रोजची मोजणी सुरू केली तेव्हां दहा लाख भागांत सुमारें ३१५ भाग कर्बवायु होता. यंत्रयुगापूर्वीं तो २८० च्या आसपास होता, आणि २०२४ मध्यें ४२० च्या पुढें गेला. येथपर्यंत वाद नव्हता, कारण तोंवर हिशेब साऱ्या पृथ्वीचा एकत्र होता. राष्ट्रवार खातीं उघडलीं आणि तंटा उभा राहिला.

१९९० मध्यें वॉशिंग्टनच्या वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट या संस्थेनें देशांची एक क्रमवारी प्रसिद्ध केली. तींत भारताचा क्रमांक पांचवा लागला. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेचे अनिल अगरवाल व सुनीता नारायण यांनीं १९९१ मध्यें एक छोटें पुस्तक लिहून या मोजणीची झडती घेतली. त्यांचा मुख्य आक्षेप आपल्याकडील कोणाही खेडुतास पटावा असा आहे. समुद्र आणि वनें कांहीं धूर गिळून टाकतात; ही सवलत अमेरिकन संस्थेनें ज्या देशाचा धूर अधिक त्यास अधिक, अशा प्रमाणांत वांटली होती. गांवचें गायरान साऱ्यांचें. पण ज्याचीं गुरें शंभर त्यालाच गायरानाचे शंभर हिस्से द्यावे, आणि एक गाय पाळणाऱ्यास एक, असा हा न्याय होता. हीच सवलत लोकसंख्येप्रमाणें वांटली असतां भारताच्या नांवची बाकी उडून जाते, असें त्यांनीं दाखविलें. पोट भरण्यासाठीं निघणारा धूर आणि चैनीसाठीं निघणारा धूर एका रकान्यांत घालतां येत नाहीं, हाही मुद्दा त्यांनीं त्याच पुस्तकांत मांडला.

भातखाचरांचा वाद तर शिवथरसारख्या प्रत्येक खोऱ्याच्या घरचाच आहे. पाण्याखालीं कुजणाऱ्या सेंद्रिय द्रव्यापासून मिथेन वायु निघतो. अमेरिकन सरकारच्या पर्यावरण-खात्याच्या त्या वेळच्या अंदाजाप्रमाणें भारतांतील खाचरें वर्षाकाठीं सुमारें ३ कोटि ७८ लाख टन मिथेन सोडीत होतीं. हा आकडा भारतांतील शेतांत मोजून काढलेला नव्हता. परदेशांतील खाचरांच्या मोजणीवरून बसविलेला होता. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचे अ. प्र. मित्र यांच्या पुढाकारानें १९९१ मध्यें देशभर ठिकठिकाणीं खाचरांवर पेट्या ठेवून प्रत्यक्ष मोजणी झाली, आणि आकडा निघाला सुमारें ४० लाख टन! आपल्याकडील पुष्कळशी भातशेती पावसावर अवलंबून. खाचरांत पाणी सतत तुंबून राहत नाहीं, आणि जमिनींत सेंद्रिय अंशही कमी. परक्या काठीनें मोजलेल्या या शेतकऱ्यावर त्याच्या वास्तविक धुराच्या नवपटींहून अधिक आकार बसला होता. प्रिंगल साहेबाची आकारणी शंभर-दीडशें वर्षांनीं पुन्हां अवतरली ती अशी.

मिथेनच्या बाबतींत आणखी एक मख्खी आहे. तो हवेंत थोडीं वर्षें टिकतो, पण टिकतो तोंवर फार तापवितो. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर एक टन मिथेन सुमारें २८ टन कर्बवायूच्या बरोबरीचा भरतो. वीसच वर्षें धरलीं तर ८० टनांच्या आसपास. म्हणजे मुदत आखूड धरली कीं गुरें व खाचरें यांचा देश अधिक दोषी दिसतो, आणि लांब धरली कीं कोळशाचा. दोन्ही गणितें बरोबर आहेत. मुदत ठरविणें हें मात्र गणित नव्हे.

आतां मुख्य वह्या उघडून पाहूं. पहिली वही वार्षिक बेरजेची. २०२३ मध्यें कोळसा, तेल, वायु व सिमेंट यांपासून जगानें सुमारें ३,७०० कोटि टन कर्बवायु सोडला. त्यांत चीनचा वाटा शेंकडा ३० हून थोडा अधिक, अमेरिकेचा सुमारें १३ आणि भारताचा सुमारें ८. या वहींत भारत तिसरा मोठा अपराधी आहे. दुसरी वही दरडोई हिशेबाची. तींत अमेरिकन मनुष्यामागें सुमारें १४ टन, चिनी मनुष्यामागें ८, जगाची सरासरी पावणेपांचच्या जवळ, आणि भारतीय मनुष्यामागें जेमतेम २. तिसरी वही मागील बाकीची. कर्बवायूचा मोठा अंश शेंकडों वर्षें हवेंत राहत असल्यामुळें पूर्वजांचा धूर आजही ऊब देतच आहे. यंत्रयुगापासूनची बेरीज केली तर अमेरिकेकडे सुमारें चतुर्थांश, युरोपीय संघाकडे सहावा हिस्सा, चीनकडे सातवा, आणि जगाची सहावा हिस्सा प्रजा पोसणाऱ्या भारताकडे शेंकडा साडेतीनच्या आसपास.

इतिहासाच्या विद्यार्थ्यास ही तिसरी वही सर्वांत मोलाची वाटते. परंतु तींतही एक पान कोरें होतें. १९४७ पूर्वींचा भारतांतील धूर कोणाच्या खातीं घालावा? बोरीबंदर ते ठाणें ही आगगाडी १८५३ मध्यें धांवली, दावर यांची गिरणी १८५६ मध्यें सुरू झाली. परंतु जंगलें कोणत्या कामीं तोडावीं, लोहमार्ग कोणत्या बंदराकडे न्यावे, हें ठरविणारी सत्ता येथील नव्हती. कार्बन ब्रीफ या लंडनच्या संस्थेनें २०२३ मध्यें वसाहतींचा धूर राज्यकर्त्यांच्या नांवें लिहून हिशेब केला, तेव्हां ब्रिटनचा ऐतिहासिक वाटा जवळजवळ दुप्पट झाला.

चौथी वही उपभोगाची. महाडच्या औद्योगिक वसाहतींत तयार झालेलें रसायन परदेशीं विकलें गेलें, तर भट्टीचा धूर प्रचलित पद्धतीप्रमाणें भारताच्या नांवें पडतो, आणि माल वापरणारा निर्मळ राहतो. ब्रिटननें ३० सप्टेंबर २०२४ रोजीं कोळशावरील आपलें शेवटचें वीजगृह बंद केलें, हें अभिनंदनीयच होय. पण तेथील घरांत वापरल्या जाणाऱ्या पुष्कळशा वस्तूंचा धूर आज दुसऱ्यांच्या आकाशांत चढत आहे, हेंही त्याच पानावर लिहिलें पाहिजे.

येथवर वाचकांस वाटेल कीं, लेखक आपल्या देशाची वकिली करीत आहे. ती करणें अवघड नाहीं. मात्र तेवढ्यावर थांबणें सोयीचें आणि म्हणूनच संशयास्पद आहे. दरडोई २ टन ही सरासरी कोणाची? शिवथरच्या वरच्या वाडींत राहणारी म्हातारी आणि मुंबईंत चार मोटारी बाळगून उन्हाळ्यांत विमानानें परदेशीं जाणारा गृहस्थ, या दोघांस मिळून ती काढलेली आहे. आंतरराष्ट्रीय परिषदेंत आपण त्या म्हातारीचा दारिद्र्याचा दाखला पुढें करतों, आणि तिच्या नांवानें मिळालेली सवलत भोगतो तो गृहस्थ! राष्ट्राराष्ट्रांत जो न्याय आपण मागतों तो महाड आणि मलबार हिल यांमध्येंही लागू होतो. आणि धूर नसलेली वीज म्हणजे निष्पाप वीज असेंही नव्हे. याच जिल्ह्यांत, तेव्हांच्या कुलाब्यांत, भिरा येथें १९२७ मध्यें टाटांचें जलविद्युत्‌गृह चालू झालें. त्यासाठीं बुडालेल्या जमिनींकरितां मुळशीच्या मावळ्यांनीं सेनापति बापट यांच्या नेतृत्वाखालीं १९२१ ते १९२४ सत्याग्रह केला होता. निर्धूर विजेची किंमतही कोणीतरी डोंगरांतल्याच माणसानें मोजली.

राष्ट्रांनीं या वह्यांचें काय केलें? १९९२ च्या रिओ येथील करारांत जबाबदारी सर्वांची पण सारखी नव्हे, हें तत्त्व मान्य झालें. १९९७ मध्यें ब्राझीलनें मागील बाकीप्रमाणें भार वांटावा अशी सूचना मांडली. ती अभ्यासासाठीं बाजूस ठेवण्यांत आली. त्याच वर्षींच्या क्योटो करारानें धनिक राष्ट्रांवर बंधन घातलें, तें अमेरिकेनें कधींच कायम केलें नाहीं. २०१५ च्या पॅरिस करारानें प्रत्येकानें आपला आकार आपणच ठरवावा अशी मुभा दिली. खोतानें आपल्या साऱ्याचा आंकडा स्वतः लिहून आणावा, त्यांतला हा प्रकार. नुकसान सोसणाऱ्यांसाठीं निराळा निधि असावा हें २०२२ मध्यें शर्म-अल-शेख येथें ठरलें, आणि २०२४ मध्यें बाकू येथें २०३५ पर्यंत वर्षाला ३०,००० कोटि डॉलर उभारण्याचें वचन निघालें, तें भारतानें अपुरें म्हणून तेथेंच धिक्कारलें.

आमच्या मतें एकाच काठीचा आग्रह धरणें व्यर्थ आहे. मागील बाकीसाठीं तिसरी वही, पुढील वाटणीसाठीं दुसरी, व्यापारासाठीं चौथी, आणि पृथ्वी प्रत्यक्ष किती तापणार हें समजण्यासाठीं पहिली. कारण वातावरणास दरडोई हिशेब कळत नाहीं. भारताची वार्षिक बेरीज वाढत आहे, आणि ती वाढ ज्या पावसांत उतरेल तो पाऊस प्रथम सह्याद्रीच्याच कड्यावर पडणार आहे. म्हणून दुसऱ्याकडे मागील बाकी मागतांना आपल्या वाढीस लगाम घालणें हें आपल्याच हिताचें ठरतें. आणि परदेशांतून उद्यां कांहीं भरपाई आलीच, तर ती दिल्ली-मुंबईच्या कचेऱ्यांत न मुरतां दरडीखालच्या वाड्या सुरक्षित जागीं वसविण्यास पोंचते कीं नाहीं, याचीही एक वही आपणांस घालावी लागेल. तीमध्यें पहिलें नांव तळियेचें असावें.