दिनविशेष : १७ मार्च
सिडकोची स्थापना (१९७०)

मुंबईवरचा भार हलका करण्यासाठी खाडीपलीकडे नवे शहर वसवायचे, या हेतूने १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ही कल्पना १९६५ मध्येच ‘मार्ग’ नियतकालिकातून मांडली होती. ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील ९५ गावांची ३४४ चौरस किलोमीटर जागा त्यासाठी मुक्रर झाली. त्यात भातखाचरांसोबत मिठागरेही संपादनात गेली. रास्त मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा पेटला, गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व सरकारने मान्य केले.

वाशीचा खाडीपूल १९७३ मध्ये झाला तरी वस्तीने वेग धरला तो मे १९९२ मध्ये मानखुर्द-वाशी लोकल सुरू झाल्यावर. त्याच वर्षी १ जानेवारीला नवी मुंबई महापालिकेचा कारभार सुरू झाला होता. दक्षिण कोरियानेही १९८९ मध्ये सोलभोवती बुंदांग, इल्सानसह पाच नवी शहरे जाहीर केली आणि काही वर्षांतच ती गजबजली. नवी मुंबईला मंत्रालय आणि मोठी कार्यालये खेचता आली नाहीत. घाऊक बाजार मात्र आले. म्हणून क्रॉफर्ड मार्केटला उतरणारा आपला हापूस आता वाशीला उतरतो आणि भावही तिथेच ठरतो.